प्रकरण सातवे: आपल्या कुळातील थोर व्यक्ती
(दुर्मीळ आडनावाच्या मंडळींसाठी काही सूचना)

कुलवृत्तांत छापायचा ठरला की पहिली सहा प्रकरणे आपोआप लिहून होतात. कुलदैवत, मूळ गाव, वंशावळ, आजीच्या हातच्या पाककृती, वाड्याचा फोटो, देणगीदारांची नावे. घोडे अडते ते सातव्या प्रकरणाशी. जोशी, कुलकर्णी, पाटील यांना इथे थोर माणसे गाळावी लागतात. ज्यांचे आडनाव टेलिफोन डिरेक्टरीत चार ओळीही भरत नसे, त्यांना ती जमवावी लागतात. पुढील सूचना या दुसऱ्या वर्गासाठी आहेत. उदाहरणे रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची घेतली आहेत, कारण एवढ्याशा समाजाला एवढी आडनावे पुरवणारा दुसरा किनारा आमच्या पाहण्यात नाही. झिराडकर, आवासकर, थळकर, पेझारकर, वाकरूळकर, अष्टमकर: एस. टी.च्या पाट्या वाचत गेले तरी निम्मी यादी होते.

प्रथम मूळ पुरुष. इतर कुलवृत्तांतांत तो घोड्यावरून येतो, त्याला सनद मिळते आणि तलवार माळ्यावर असते (ती मागच्या पिढीत एका मामांनी नेली). या मंडळींची परंपरा याहून काटकसरीची आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे त्यांच्या वंशजांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायला सुरुवात केली. कुलवृत्तांत समितीतले ज्येष्ठ सभासद घाणा वगळून त्या जागी किल्लेदारी घाला म्हणतील. त्यांना चहा द्यावा आणि घाणा ठेवावा. किल्लेदारीला पुरावा लागतो.

आता आदर्श उदाहरण: केहीमकर. गाव किहीम, आडनाव केहीमकर. मुद्रितशोधक हे सुधारू पाहील, त्याला सुधारू देऊ नये. या आडनावाने जे साधले ते सगळ्या दुर्मीळ आडनावांनी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. माणसे दोनच, पण दोघेही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आडनावासकट. पहिले हाईम सॅम्युएल केहीमकर. त्यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि मग समाजाचा इतिहास लिहायला घेतला. हस्तलिखित १८९७ साली तयार झाले. छापले गेले १९३७ साली, तेल अवीवमध्ये. लेखक तोवर हयात नव्हते. ‘पुस्तक कधी निघणार, आम्ही वर्गणी भरून दोन वर्षे झाली’ असे म्हणणाऱ्या सभासदांना या तारखा पोस्टकार्डावर लिहून पाठवाव्यात.

दुसरे आयझॅक केहीमकर, फुलपाखरांचे जाणकार. अनेक वर्षे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केले, आणि २००८ साली आलेले त्यांचे भारतीय फुलपाखरांवरचे जाडजूड पुस्तक घेऊन लोक आजही रानात शिरतात. एकाने माणसांच्या जातकुळीची नोंद केली, दुसऱ्याने फुलपाखरांच्या. दोघांच्या मध्ये शतकभराचे अंतर. एवढ्या सावकाश चालीने का होईना, पण आडनावाचा दर्जा राखला.

इथेच एक खबरदारी. १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अली नोकरी नसलेल्या दिवसांत किहीमला येऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींची घरटी पाहत बसले. त्या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले. समितीतला एखादा उत्साही तरुण विचारेल, हे किहीमचे, मग आपल्या यादीत का नाहीत? त्याला समजावून सांगावे की किहीमला राहून कोणी केहीमकर होत नाही. किहीमात सगळेच किहीमचे. तिथे ‘केहीमकर’ अशी हाक मारली तर कोणीच वळणार नाही, किंवा सगळेच वळतील. आडनाव लागायला आधी गाव सोडावे लागते. सोसायटी तीच, पक्षी नाहीतर फुलपाखरू एवढाच फरक. तरी नियम म्हणजे नियम.

यानंतर खरी अडचण येते. दुर्मीळ आडनावाची थोर माणसे नसतात असे नाही. असतात, पण थोर होताना आडनाव दारात काढून ठेवतात. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधले जॉन चाचा साऱ्या देशाला माहीत. श्रेयनामावलीत मात्र नुसते ‘डेव्हिड’. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे एवढे मोठे प्राचीन बंदर, आणि पडद्यावर त्याला दोन इंच जागा मिळाली नाही! वरळीहून महालक्ष्मीला जाताना डॉ. ई. मोझेस मार्ग लागतो. हे मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते, आडनाव राजपूरकर, मुळातली राजपुरी जंजिऱ्यासमोरची. त्या रस्त्यावर रोज तास तास अडकणाऱ्यांपैकी एकालाही आपण राजपुरीवाल्याच्या नावावर अडकलो आहोत हे ठाऊक नसते. रिबेका रूबेन १९०५ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि पुढे केहीमकरांनीच काढलेल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या नवगावकर, म्हणजे जिथे गलबत फुटले त्या गावाचेच नाव वगळले गेले. कारण साधे आहे. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग गावाचे अशी रीत. इंग्रजी शाळेच्या आणि पलटणीच्या कागदांवर दोन नावांतच काम भागले, वडील आडनाव झाले आणि गाव पडले. म्हणून संपादकाने कोणत्याही डेव्हिड, मोझेस, रूबेनपुढे नम्रपणे बसून ‘आणि पुढे?’ असे विचारावे. पुढे बहुधा अलिबाग तालुका निघतो.

एवढ्यानेही पाने भरली नाहीत तर लेकी आणि जावई मोजायला घ्यावेत. याबाबत एरुळकरांना तोड नाही. डॉ. अब्राहम एरुळकर गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी, सारा एरुळकर ब्रिटनमधल्या नामवंत माहितीपटकार, आणि डॉक्टरांची कन्या लीला यांचे यजमान ग्लाफकोस क्लेरिडिस १९९३ ते २००३ सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष जावई असलेले किती कुलवृत्तांत आपण पाहिले आहेत? फोटो पूर्ण पान द्यावा.

आडनाव पुरेसे दुर्मीळ नसेल तर शेजाऱ्यांशी तह करावा लागतो. दिवेआगराने चित्पावन दिवेकर दिले तसे बेने इस्रायल दिवेकरही दिले. त्यांतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. दांडेकरांचेही तसेच. अहमदाबादचे कांकरिया प्राणिसंग्रहालय उभे करणारे रुबेन डेव्हिड हे दांडेकर. गो. नी. दांडेकरांशेजारी त्यांना बसवायला कोणत्याही दांडेकर मंडळाने हरकत घेऊ नये. एक गड चढणारे, दुसरे वाघ पाळणारे. पंगत छान जमेल.

याच किनाऱ्यावरच्या आंग्र्यांना मात्र या सूचनांची गरज नाही. एक कान्होजी झाले की प्रकरण संपते. ते घराणे पूर्वी संकपाळ होते एवढी तळटीप पुरे.

राहता राहिले संमेलन. ते मूळ गावातच भरवावे असा ठराव दरवेळी होतो. गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला ‘आम्ही आवासकर’ म्हणून सांगितल्यास तो ‘कुठल्या बंगल्यावर?’ असे विचारेल. मनाला लावून घेऊ नये. आवास, झिराड, थळ इथे आता मुंबईच्या नटांची, उद्योगपतींची, क्रिकेटपटूंची फाटके आहेत. ही मंडळी शनिवारी काम बंद ठेवून इथेच येतात, म्हणजे एक अट त्यांनी आधीच पूर्ण केली आहे. समितीने एक कोरा सभासद अर्ज सोबत न्यावा आणि फाटकावरच्या वॉचमनकडे द्यावा. त्यांच्यापैकी कोणी तीन पिढ्यांनी का होईना थळकर व्हायला तयार असेल तर प्रकरण सातवे एका दमात भरून निघेल. अर्जाबरोबर आजीव वर्गणी रोख घ्यावी. पावती मुंबईच्या पत्त्यावर पाठवावी.