जुनं न काढता नवं लावणाऱ्या मिस्त्रीस

मिस्त्रीभाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही. वाचलंत की तुम्हाला कळेल, आणि नवापुरात ज्यांच्या ज्यांच्या सिंकमागे तुम्ही पांढरी रेघ ओढून गेलात त्यांनाही कळेल.

होळीनंतर तुम्ही आमच्याकडे आलात. ओटा आणि भिंतीची टाइल यांच्यामधली सिलिकॉनची पट्टी काळी पडली होती, सिंकच्या मागे वीतभर उचललीही होती. ती जागा बोटाने दाखवून मी म्हणाले होते, ‘भाऊ, हे सगळं जुनं काढा आणि मग नवं भरा.’ तुम्ही ‘हो ताई’ म्हणालात. मी आईला दवाखान्यात घेऊन गेले. दीड तासाने परत आले तेव्हा पट्टी दुधासारखी पांढरी दिसत होती. मी पैसे मोजून दिले, आईने चहा दिला. जुन्याला तुम्ही हातही लावला नव्हता. त्या काळ्या, तेलकट, सुटलेल्या पट्टीवरच नवी पट्टी ओढली होतीत.

हे मला श्रावणात कळलं. ओट्याखालच्या खणात आईची वर्षाची तूरडाळ असते. नवापूरची तूरडाळ, जिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आई ती उन्हात वाळवते, एरंडेलाचा हात लावते आणि डब्यात मावत नाही ती दहा किलो गोणीत ठेवते. गोणी उचलली तर बूड ओलं, खालची डाळ हिरवी-काळी, घट्ट गोळा झालेली. खणाची प्लायवूडची मागची बाजू फुगून पापुद्रे सुटले होते. आईने ती डाळ परातीत पसरून बराच वेळ निवडत बसून पाहिली. काहीच वाचलं नाही.

पाणी कुठून आलं हे शोधायला पुतण्याने टॉर्च धरला. वरून पट्टी शाबूत दिसत होती. नखाने टोक धरलं आणि ओढलं, तर हातभर पट्टी एका झटक्यात निघून आली. ती भिंतीला चिकटलेलीच नव्हती. जुन्या पट्टीच्या पाठीवर नुसती बसली होती.

एकदा घट्ट झालेल्या सिलिकॉनला फारसं काहीच चिकटत नाही. रंग नाही, सिमेंट नाही आणि नवं सिलिकॉनसुद्धा नाही. तुमच्या हातून रोज दोन-चार ट्यूब रिकाम्या होतात, म्हणजे हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. म्हणूनच माझा राग आहे. काम न येणाऱ्या माणसाची चूक मी सोडून दिली असती.

आपल्या स्टेशनवर तो बाक आहे ना, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये? तिथे मध्ये रंगाची एक रेघ पुरते, कारण तिला फक्त दाखवायचं असतं. सिंकमागच्या रेघेला पाणी थांबवायचं असतं. ओट्याचा ग्रॅनाइट, भिंतीची टाइल, स्टीलचं सिंक, तिघांचा स्वभाव वेगळा. उकळतं पाणी ओतलं की स्टील पसरतं, भरलेला कुकर आपटला की ओटा हादरतो. म्हणून तिथे व्हाइट सिमेंट चालत नाही, त्याला चिरा जातात. ताणलं जाईल आणि परत जागेवर येईल असंच काही लागतं. ते दोन्ही कडांना घट्ट धरून असेल तरच ताणलं जातं. तुमच्या पट्टीने एकही कड धरली नव्हती.

आणखी एक. तुम्ही गेल्यावर दोन दिवस स्वयंपाकघरात आंबट वास होता, व्हिनेगरसारखा. ते आम्ल सोडणारं सिलिकॉन. काचेला ते उत्तम. पण आमच्या ग्रॅनाइटखाली कडप्पा आहे, आणि कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची वरची कातडी खाल्ली जाते. सिमेंटच्या गिलाव्याशीही ते जमत नाही. दगड-सिमेंटसाठी आम्ल न सोडणारं, न्यूट्रल सिलिकॉन मिळतं. थोडं महाग पडतं. मला विचारलं असतंत तर मी वरचे पैसे दिले असते.

मग ते काम मी आणि पुतण्याने केलं. दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ काढण्यात गेला. कटरचं नवं पातं घेऊन पट्टीच्या वरच्या कडेने एक काप, खालच्या कडेने एक. मग मधला भाग ओढायचा. जिथे तुटतो तिथे प्लास्टिकची पट्टी घालून खरवडायचा. लोखंडी पट्टीने टाइलवर ओरखडे पडतात. आमच्या पट्टीत तीन थर निघाले, मिस्त्रीभाऊ. तुमच्या आधीही कोणीतरी हेच करून गेलं होतं. तळाशी काळी बुरशी आणि साबणाचा चिकट मळ. शेवटी बोटाला लागणारा पातळ पापुद्रा राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की रबरासारखं अडखळतं. तो निघेपर्यंत खरवडलं, स्पिरिटच्या फडक्याने पुसलं आणि दोन दिवस सिंक बंद ठेवून पंखा लावला. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, पण फट मात्र कोरडीठाक लागते. श्रावणात आपल्याकडे भिंती घाम गाळतात, म्हणून दोन दिवस.

भरायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. दोन्ही बाजूंना कागदी टेप, नोझल तिरकं कापलेलं, गन एका चालीने पुढे. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवलं आणि ओलं असतानाच टेप काढली. दिवसाला ते दोन-तीन मिलिमीटरच आत घट्ट होत जातं, म्हणून पुढचा अख्खा दिवस नळ सोडला नाही. मग खणात वर्तमानपत्र अंथरून वरून बादलीभर पाणी ओतलं. कागद कोरडा राहिला. आईने स्वतः वाकून हात लावून पाहिला.

ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीचा पूर गावात शिरला, घरं गेली, माणसं गेली. त्या पाण्यापुढे कोणाचंच काही चाललं नाही. पण नळाचं पाणी अडवणं तुमच्या हातात होतं. त्यासाठी एक कटर लागत होता आणि दोन तास. तेवढे दोन तासांचे पैसे तुम्ही मागायला हवे होते. ‘ताई, जुनं काढायचं तर दुप्पट मजुरी पडेल आणि दोन दिवस सिंक बंद राहील,’ एवढं वाक्य तुम्ही बोलला असतात तर मी हो म्हणाले असते. बऱ्याच बायका हो म्हणतील. ज्या नाही म्हणतील त्यांना सांगून टाका की मग हे काम मी घेत नाही. आमच्या पाठीमागे जुन्यावर नवं चढवून जाऊ नका. वरून आम्हाला काही दिसत नाही, तुमच्यावर विश्वास ठेवण्यावाचून आमच्याकडे काही नसतं.

मजुरी परत मागत नाही. डाळीचे पैसेही नकोत. तुम्ही पुढच्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत मोरीचं काम घेतलं आहे, असं कळलं. त्या घरात आजी एकट्या राहतात. त्यांच्या मोरीचा कोपरा मी काल बघून आले. भिंत आणि फरशीच्या सांध्यात तिथेही एकावर एक थर आहेत आणि पलीकडच्या भिंतीला गुडघाभर ओल चढली आहे. त्यांना मी सांगून ठेवलं आहे की दोन दिवस मोरी वापरायची नाही, आंघोळीला आमच्याकडे यायचं. तुम्ही येताना कटरची नवी पाती घेऊन या. काढलेलं सगळं जुनं सिलिकॉन वर्तमानपत्रावर ठेवा आणि आजींना दाखवा, मगच गन हातात घ्या.

आपली,
ओट्याखाली डाळ ठेवणारी एक बाई
नवापूर