मुंबईचा सूर्य, घुग्घुसची लाइट

उजेडाचं कौतुक घुग्घुसच्या माणसाला सांगायला जाऊ नये. गावाच्या एका अंगाला कोळशाची खुली खाण, दुसऱ्या अंगाला स्पंज आयर्नचा कारखाना, थोडं पुढे सिमेंटनगर. रात्री गच्चीवर झोपलं तर चांदण्यांच्या आधी चिमण्यांवरचे लाल दिवे मोजून होतात. जवळच चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, क्षमता 2920 मेगावॅट. तिथून 1999 पासून 500 केव्हीची एक डीसी लाइन सरळ पडघ्याला जाते. 752 किलोमीटर, मध्ये कुठे उतरायचं नाव नाही. कोळसा इथला, राख इथली, 48 अंशांना टेकणारा उन्हाळा इथला, आणि वीज मात्र मुंबईच्या वेशीवर. आमच्या घरी जी येते ती डीपी, झंपर, कावळा आणि लाइनमन या चौघांची मर्जी सांभाळत येते.

अशा घरात ‘स्मार्ट लाइटिंग’ आणायचं आमच्या चिरंजीवांनी पुण्यात बसून ठरवलं. कारण वरवर पाहता चांगलं होतं. आजोबा रात्री उठतात, अंधारात बटण चाचपतात, पडतील. खरं कारण असं की त्याला ऑफिसात बसून आमच्या ओसरीची लाइट लावता यायला हवी होती. हे सुख त्याला का हवं होतं हे मी विचारलं नाही. माणसाला आपल्या गावावर काहीतरी अधिकार चालवावासा वाटतोच.

मग मी वाचायला बसलो. हे वेड मला वाटत होतं तेवढं नवं नाही. ज्या 1975 साली कोल इंडिया स्थापन झाली, त्याच साली स्कॉटलंडातल्या ग्लेनरॉदिस गावी पिको इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने ‘एक्स-10’ ही पद्धत काढली. घरातल्या विजेच्या तारांमधूनच दिव्याला निरोप धाडायचा. कल्पना झकास, पण त्याच तारेवर एखादी मोटर घुरघुरू लागली की निरोप वाटेतच हरवायचा. विदर्भात कूलर ही वस्तू मार्चपासून जूनपर्यंत अखंड घुरघुरत असते, त्यामुळे ते प्रकरण आमच्याकडे होळीलाच संपलं असतं. त्यानंतर झिग्बी आलं, झेड-वेव्ह आलं, वायफायचे बल्ब आले, आणि 2022 मध्ये ‘मॅटर’ नावाचं एक सामाईक मानक आलं, ज्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी बोलतील असं सांगतात. जावा-जावा एका घरात आल्या म्हणजे बोलतातच असं नाही, पण सोय झाली एवढं खरं.

चिरंजीवांनी सुरुवात सगळ्यात स्वस्त वाटेने केली. वायफायचे बल्ब आले. जुने बल्ब काढून हे लावायचे, फोनवर नावं द्यायची: ओसरी, माजघर, आजी, आजोबा. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री वादळ आलं, लाइट गेली. आम्ही निमूट झोपलो. रात्री दोनच्या सुमारास लाइट आली आणि घरातले सगळे बल्ब एकदम, पूर्ण ताकदीने, पांढरेशुभ्र पेटले. बाबा ताडकन उठून बसले. “भोंगा झाला का?” म्हणाले, आणि पायांनी बूट शोधू लागले. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण रात्रपाळी माणसाच्या पायात राहते. आई म्हणाली, “झोपा नं बापा, कोणी बलावून नाही राहिलं तुमाले.”

यात बल्बाचा तसा दोष नव्हता. भिंतीवरचं बटण चालूच ठेवावं लागतं, नाहीतर बल्बाला फोनचा निरोप पोचत नाही. आणि वीज जाऊन आली की आपण झोपेच्या आधी बंद होतो की चालू, हे पुष्कळ बल्ब लक्षात ठेवत नाहीत. मालकाने बटण दाबलं असेल असं समजून ते पेटतात. पुण्यामुंबईत वर्षातून एखाददोनदा होणारी गोष्ट म्हणून हे खपून जातं. आमच्याकडे पावसाळ्यात एका रात्रीत हा सोहळा अनेकदा होऊ शकतो. ‘वीज परतल्यावर पूर्वस्थिती’ अशी एक सोय काही बल्बांच्या सेटिंगमध्ये असते. दुकानात जाऊन सगळ्यात आधी हीच सोय विचारावी असं माझं मत आहे. रंग किती कोटी दाखवतो ते खोक्यावर छापलेलं असतं. हे छापलेलं नसतं.

मग आला हालचाल ओळखणारा सेन्सर. न्हाणीच्या बोळात बसवला. माणूस आला की लाइट लागणार, गेला की विझणार. हिवाळ्यात त्याने इतकं इमानाने काम केलं की मांजरीलासुद्धा उजेड मिळाला. एप्रिल लागला तसा तो सुस्तावला, आणि मे महिन्यात तर त्याने आम्हाला ओळखच दाखवली नाही. आई बोळात उभी, दोन्ही हात वर करून हलवतेय, जशी काही खाणीच्या तोंडाशी डंपर थांबवतेय, आणि वर अंधार ठार.

कारण फार गमतीचं आहे. या सेन्सरला माणूस दिसत नाही, माणसाची ऊब दिसते. मागच्या भिंतीपेक्षा अंगाची कातडी गरम असते, तो फरक सरकला की हा म्हणतो, कोणीतरी आलं. आता मे महिन्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्री नऊला भिंत आणि आई यांच्या तापमानात फरक उरतोच किती? त्याच्या लेखी आई म्हणजे भिंतीचाच एक भाग. उलट कूलरची ओली झुळूक त्याच्या तोंडावरून गेली की तो दचकून पेटे. म्हणजे घरची लक्ष्मी दिसत नाही आणि कूलर दिसतो. ज्यांनी हे यंत्र रचलं त्यांच्या देशात भिंत माणसाहून गरम होत नसावी. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, फक्त चंद्रपूर जिल्ह्यात माणूस ओळखायचा तर थंडीत ओळखून ठेवावा.

बाहेरच्या दिव्यासाठी सूर्यास्ताची युक्ती होती. सूर्य मावळला की लाइट आपोआप लागावी. त्यासाठी ॲपला गाव सांगावं लागतं. आमच्या ॲपच्या यादीत घुग्घुस नव्हतं, चंद्रपूरही नव्हतं. वैतागून चिरंजीवांनी मुंबई टाकली. आता मुंबई आमच्यापेक्षा सव्वासहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे आमचा सूर्य मावळल्यावर पंचवीस मिनिटांनी मुंबईचा मावळतो. तेवढा वेळ आमची ओसरी अंधारात बसून मुंबईची वाट बघे. वीज इकडून तिकडे जाते हे आम्ही पचवलं होतं, पण संध्याकाळही तिकडून मंजूर होऊन यावी, हे जरा जास्त झालं.

आणि ते नुसतं सूर्यापुरतं नव्हतं. फोनवर बोट ठेवलं की निरोप आधी घराबाहेर पडतो, कंपनीच्या कुठल्या तरी सर्व्हरला जातो, तो सर्व्हर मुंबईत असो नाहीतर सिंगापुरात, आणि तिथून परत येऊन डोक्यावरचा बल्ब विझवतो. इंटरनेट गेलं की हातभर अंतरावरचा दिवा परदेशी. कंपनीच गेली तर? अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची जुनी, नावाजलेली कंपनी होती. एप्रिल 2022 मध्ये तिचे सर्व्हर एकाएकी बंद पडले आणि लोकांची घरं ॲपला ओळख देईनाशी झाली. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी मिळून कंपनी विकत घेतली तेव्हा सर्व्हर पुन्हा सुरू झाले. लाइट लागावी म्हणून कंपनी विकत घ्यायची, हा उपाय घुग्घुसात आम्हाला अजून सुचलेला नाही.

आईची अडचण वेगळीच होती. दिवेलागणीला ती स्वतः बटण दाबते आणि पेटलेल्या ट्यूबला हात जोडते. आपल्याकडे पुष्कळ घरांत हे चालतं. एडिसनला कळलं असतं तर तो गहिवरला असता. आता लाइट आपापली लागू लागली तेव्हा ती दचकून, हातातलं टाकून, धावत येऊन हात जोडू लागली. “थो देव आपल्या टायमावर येते, मी काय करू?” बोलून लाइट लावायचा डबाही चिरंजीवांनी आणला होता. त्याला हिंदी आणि इंग्रजी येत होतं, मराठी नाही. बाबांना वाटलं, हिंदी तर आपलीच. आयुष्य तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी माणसांबरोबर खाणीत काढलेलं. ते खाटेवरूनच ओरडले, “ए, बत्ती मार रे!” डबा अदबीने म्हणाला, माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई. बाबांनी तोंड फिरवलं. पोराटोरांना ओरडता येतं, बाईमाणसाला कसं ओरडायचं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यानंतर ते तिच्याशी बोललेच नाहीत.

पण या सगळ्या भानगडीत बाबांनीच एक प्रश्न विचारला, आणि तो मला कुठल्या माहितीपत्रकात सापडला नव्हता. “लाइट बिघडली तं कळते कोणाले?”

बाबा भूमिगत खाणीत होते. काही वर्षं बत्तीघरात काढली. तिथे लांबच लांब रॅकवर कॅप लॅम्प चार्जिंगला लावलेले असत, प्रत्येकावर नंबर. पाळीवर आलेला माणूस आपलं पितळी टोकन देई आणि आपल्याच नंबरची बत्ती घेई. दिवा टोपीवर, बॅटरी कमरेला. पाळी संपली की बत्ती परत, टोकन परत. रॅकमधली एक जागा रिकामी राहिली तर त्याचा अर्थ दिवा हरवला असा कोणी घेत नसे. माणूस वर आलेला नाही, असा घेत. मग धावाधाव. त्याच्याही आधीचा, हंफ्री डेव्हीच्या 1815 च्या दिव्याचा वंशज असलेला ज्योतीचा दिवा ओव्हरमनच्या हातात असे. ज्योतीवर निळसर टोपी चढली की खाणीत वायू आहे हे समजायचं. तो दिवा उजेड कमी द्यायचा आणि खबर जास्त. बाबा अजून हाताने ती निळी टोपी करून दाखवतात, चिमटीत धरल्यासारखी.

दिव्यांची पद्धत कशी पारखायची याचं एवढं पक्कं शास्त्र घरात खाटेवर पडलेलं होतं आणि आम्ही परदेशी व्हिडिओ पाहत बसलो होतो.   

शेवटी वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांनी टेस्टर कानामागून काढला, बोर्ड उघडला आणि पहिलं वाक्य असं म्हटलं की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. “दादा, हा लाकडी बोर्ड बदलवू नका जी. नव्या डब्यात हे मोड्यूल कोंबून बसवा लागते. याच्यात दोन मोड्यूल झोपून राहतीन.” सनमायकाचं झाकण, चार स्क्रू, आत पोकळी ऐसपैस, कोळशाची बारीक भुकटी आणि पालीचं एक जुनं अंडं. सून दरवर्षी ज्या बोर्डाला गबाळा म्हणते तोच कामी आला. बटणामागे एक चपटा रिले बसवायचा. भिंतीवरचं बटण जसंच्या तसं चालतं, फोनवरूनही चालतं, आणि दोघांतलं कोणीही आधी गेलं तरी दुसऱ्याचं अडत नाही. निरोप घरातल्या घरात फिरेल असा रिले बघून घेतला. बाहेरच्या इंटरनेटची त्याला गरज नाही. राउटर इन्व्हर्टरवर टाकला.

एकच ओळखीची अडचण निघाली. आपल्या बोर्डात प्लगचा सॉकेट असतो, म्हणून न्यूट्रल बहुधा आलेला असतो आणि रिलेला तो लागतोच. पण जिन्याच्या बटणाला फक्त फेज आणि रिटर्न. तिथे न्यूट्रल नसताना चालणारं बटण लावून पाहिलं तर दिव्यातून थोडा करंट पाझरत राहिला आणि बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणू लागला. बाबा खूश. झिरोच्या बल्बाचे पैसे वाचले. आई म्हणाली, ते काही बरं नव्हे, बंद म्हणजे बंद.

आता रात्री बोळातला दिवा साध्या बटणाने लागतो. बटण मोठं, कडेने हिरवं चमकणारं, बाबांच्या खाटेपासून हात पुरेल इतकं खाली घेतलेलं. ओसरीची लाइट आई लावते, हात जोडते, आणि ती विसरली तर अर्ध्या तासाने आपोआप लागते. गाव नकाशावर बोट टेकवून घुग्घुस टाकलं आहे. पुण्याहून चिरंजीव अधूनमधून ओसरी उजळवतात. आई बाहेर बघून म्हणते, “आला वाटते जेवून,” आणि बटणाने बंद करते. बाबांनी प्रत्येक बटणाखाली ऑइलपेंटने नंबर टाकले आहेत. जिन्याचा नंबर सात. सातसाठी न्यूट्रलची वायर माडीवरून ओढावी लागेल, पोळा झाला की येतो, असं वायरमन भाऊ सांगून गेलेत. कुठल्या सालचा पोळा, ते विचारायचं राहिलं.