नळ, व्हॅन आणि केंब्रिज

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नाशकात दोन प्रकारच्या माणसांची झोप उडते. पहिले निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते, घड दिसायला लागलेले असतात आणि अवकाळीचा एक शिडकावा वर्षाची कमाई धुऊन नेऊ शकतो. दुसरे, गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत पसरलेले, घरात तीन वर्षांचं मूल असलेले आईबाप. त्यांना आभाळातले ढग दिसत नाहीत, विजेच्या खांबांवरचे फलक दिसतात. ‘प्रवेश सुरू. जागा मर्यादित.’ हे फलक मी बरीच वर्षं निरखतो आहे. थंडीत लागतात आणि जूनच्या पावसात रंग उडेपर्यंत तिथेच असतात. जागा तेव्हाही मर्यादितच असतात, पण संपत काही नाहीत.

यंदा आमची नात नर्सरीच्या वयाला आली आणि हे पीक आमच्याही दारात उभं राहिलं.

मुलगा अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे त्याने शाळा निवडायचं काम कंपनीच्या शिस्तीने हातात घेतलं. लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडली. उभ्या रकान्यात शाळा आणि आडव्यात बोर्ड, फी, अंतर, वर्गात मुलं किती, स्विमिंग पूल आहे का, घोडे आहेत का. घोडे कशाला, असं मी विचारलं. “ऑल-राउंड डेव्हलपमेंट, बाबा,” सूनबाई म्हणाली. मग मी काही बोललो नाही. नाशकात टांगे चालायचे तेव्हा आमचं डेव्हलपमेंट फुकटात झालं होतं, हे वाक्य तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

बोर्डाच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. स्टेट, सीबीएसई, आयसीएसई, केंब्रिज, आयबी. मुलाचा कल सीबीएसईकडे, कारण पुढे जेईई. सूनबाईचा आयसीएसईकडे, कारण इंग्रजी. दोघांचं म्हणणं मुद्देसूद होतं. ज्या व्यक्तीच्या जेईईबद्दल हे चाललं होतं ती त्या वेळी डावी चप्पल उजव्या पायात घालून गॅलरीत फिरत होती आणि तिला कुणी थांबवलं की रडत होती. त्यात सरकारने आणखी गंमत केली. २०२५-२६ पासून राज्याच्या शाळांतल्या पहिलीलाही सीबीएसईच्या वळणाचा नवा अभ्यासक्रम लागू केला. जाहीर केला तेव्हा शिक्षणमंत्री आमच्याच जिल्ह्यातले, मालेगावचे दादा भुसे. म्हणजे दोन संध्याकाळी ज्या फरकावर वाद झाला तो फरक मालेगावकरांनी परस्पर बारीक करून टाकला.

आमच्या वेळी शाळेत घालणं हा निर्णय नव्हताच, ते एक काम होतं. दळण आणायला जाताना वाटेत उरकण्यासारखं. वडील बोट धरून जवळच्या शाळेत नेत. जन्मदाखला असला तर बरं, नसला तर गुरुजी म्हणत, “डोक्यावरून हात घे रे, डावा कान पकड.” बोटं कानाला टेकली की पहिलीत. नाही टेकली तर पुढच्या जूनला या. तारीख माहीत नसेल तर गुरुजी स्वतःच टाकत, एक जून. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी एक जूनला जन्मलेली आहे. आमच्या प्रेसमध्ये, म्हणजे नाशिक रोडच्या नोटा छापायच्या कारखान्यात, त्या दिवशी पेढ्यांचे इतके पुडे यायचे की शेवटी साहेबच म्हणाले, सगळ्यांनी मिळून एक आणत जा.

आता कान चालत नाही. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, नर्सरीला तीन. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधलं पोर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलं. त्याची आजी अजूनही त्या डॉक्टरीणबाईंना बोल लावते. आठवडाभर आधी सिझर केलं असतं तर वर्ष वाचलं असतं म्हणते.

मग शाळा बघायचे शनिवार सुरू झाले. मी जात असे, नात माझ्या कडेवर असे म्हणून. एका शाळेचं वर्णन करतो, नाव राहू द्या. काचेचं दार, आत फिशटँक, भिंतीवर चषकांचं कपाट, सोफ्यावर सहा जोडपी एकमेकांकडे चोरून बघत बसलेली. ब्लेझर घातलेल्या मॅडमनी आम्हाला हिंडवलं. हा स्मार्ट बोर्ड, ही स्प्लॅश पूल एरिया, हे सेन्सरी कॉर्नर. या शेवटच्या ठिकाणी मी थबकलो. वेताच्या टोपलीत गोटे होते, चिंचोके होते, शंख होते, वाळलेल्या शेंगा होत्या. “नॅचरल मटेरियल,” मॅडम म्हणाल्या, “मुलं नेचरशी कनेक्ट होतात. ही आपली इंटरनॅशनल मेथड आहे.”

ही मेथड कुठून आली ते मला योगायोगाने ठाऊक होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या, तिथेच १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईत, दादरला त्यांनी शिशुविहार चालवलं. पण माँटेसोरीची सुबक लाकडी साधनं खेड्याला परवडायची नाहीत हे त्यांना कळत होतं. म्हणून १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि गोटे, बिया, शिंपले, पानं, काड्या अशा आजूबाजूला पडलेल्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली सगळं काम कोसबादच्या टेकडीवर हललं आणि ताराबाई गेल्यावर अनुताईंनी ते नेटाने पुढे चालवलं. चिंचोके वापरायचं कारण एवढंच होतं की ते फुकट मिळतात. तेच चिंचोके वेताच्या टोपलीत बसून, एसीची हवा खात, गंगापूर रोडला आलेले बघून मला भरून आलं असं म्हणणार होतो. खरं म्हणजे हसू आलं. फीच्या कागदावर त्या टोपलीचाही वाटा असणारच.

त्यानंतर मुलाखत. तिला मुलाखत म्हणायचं नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्याच्या १३व्या कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, नर्सरीला त्याचा धाक किती यावर वकिलांनी भांडावं. पण तेव्हापासून मुलाखतीचं नाव ‘इंटरॅक्शन’ झालं एवढं खरं.

इंटरॅक्शनमध्ये मॅडमनी नातीला सफरचंदाचं चित्र दाखवलं. “व्हॉट इज धिस, बेटा?”

नात चित्राकडे बघून म्हणाली, “हे आजोबा कापून देतात.”

माझ्या मते याहून पूर्ण उत्तर असू शकत नाही. वस्तू ओळखली, तिचा उपयोग सांगितला, कर्ता सांगितला. सूनबाई मात्र घाईघाईने ‘ॲपल, ॲपल’ असं ओठांनी सुचवत होती. मग मॅडम मुलाकडे वळल्या आणि रोज मुलीला किती क्वालिटी टाइम देता ते विचारलं. सकाळी सातला अंबडला जाणारा आणि रात्री आठला परतणारा माझा मुलगा, ज्याचं आयुष्य क्वालिटीत चाललं आहे, एका दमात म्हणाला, “भरपूर.” तो शाळेत असताना इतक्या सफाईने कधी खोटं बोलला नव्हता.

आम्ही उठलो तेव्हा नात दिसेना. ती बाहेर, छोट्या मुलांच्या स्वच्छतागृहात होती. तिथे तिच्या कंबरेइतक्या उंचीवर बेसिन होतं आणि नळ तिचा तिला सोडता येत होता. तो ती सोडत होती, बंद करत होती, पुन्हा सोडत होती. मावशी शेजारी स्टुलावर बसून म्हणत होत्या, “कर गं बाई, भिजू दे बाही, घरी वाळंल.” तिला घरी विचारलं, शाळा कशी होती? म्हणाली, “नळ आहे.” फिशटँक, स्मार्ट बोर्ड, काही नाही.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं, ते असं. शाळा आपण बघतो ती साडेपाच फुटांवरून आणि मुलगी जगते ती तीन फुटांवर. साडेपाच फुटांवरून बोर्ड दिसतं, चषक दिसतात, सोफ्यावरचे इतर आईबाप दिसतात, आणि आपलं पोर त्यांच्या पोरांबरोबर बसलं की आपणही त्यांच्या रांगेत बसू असं वाटतं. यात पाप काही नाही. पण हे मुलीसाठी चाललंय असं म्हणू नये, आपल्यासाठी चाललंय म्हणावं. तीन फुटांवर नळ असतो, मावशी असतात, चड्डी ओली झाली तर कोण ओरडतं हे असतं. प्रेसमध्ये माझं आयुष्य कागद उजेडावर धरून वॉटरमार्क बघण्यात गेलं. शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रकही मी तसंच धरून बघतो, आणि मला त्यात मावशी कुठे दिसत नाहीत.

फीबद्दल थोडकंच. शुल्क नियमनाचा कायदा २०११चा आहे, पालक-शिक्षक संघ आणि कार्यकारी समिती कागदावर आहेत, देणगीला बंदी करणारा कायदा तर १९८७पासून आहे. नर्सरीचा आकडा ऐकल्यावर बायको मला म्हणाली, “इतकी वर्षं नोटा छापल्यात, एक बंडल घरी आणलं असतं तर?” तिला कल्पना नाही की तिथून बाहेर पडताना आमची किती झडती व्हायची.

माझी स्वतःची एक शाळा मी हळूच शीटमध्ये घालायला सांगितली, मराठी माध्यमाची. नाशिक हे कुसुमाग्रजांचं गाव. ते मॅट्रिक झाले ती शाळा अजून इथेच आहे, आज तिला रुंगटा हायस्कूल म्हणतात. त्यांच्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारीला, शहरातल्या झाडून साऱ्या इंग्रजी शाळांत पोरी नऊवारी नेसतात, पोरं फेटे बांधतात, आणि ‘मराठी डे’ साजरा होतो. आनंदनिकेतनसारखी प्रयोगशील मराठी शाळा याच नाशकात आहे. मी हे सगळं सांगितलं. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, “बाबा, तुम्ही मला कुठे घातलं होतं?” सेमी-इंग्रजीत घातलं होतं. गणित आणि सायन्स इंग्रजीतून. विषय तिथेच मिटला. ती ओळ मात्र त्याने ठेवली, माझा मान म्हणून, आणि तिला पिवळा रंग दिला.

याच काळात ऑफिसच्या मंडळींबरोबर तो त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीला जाऊन आला. जिल्हा परिषदेची शाळा, केशव गावित गुरुजींची. वर्षाचे ३६५ दिवस चालते, रोज बारा-बारा तास. मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात आणि पाढे तर असे म्हणतात की ऐकणाऱ्याने कॅल्क्युलेटर खिशात घालावा. लांबून लांबून लोक ती शाळा बघायला जातात. मुलगा भारावून आला. जेवताना दोन दिवस हिवाळीच. तिसऱ्या दिवशी केंब्रिजवाल्या शाळेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, तो त्याने वेळेत भरला. मी त्याला टोचलं नाही. फुकट मिळणाऱ्या शाळेचं कौतुक करायचं आणि फी असलेल्या शाळेत नाव घालायचं, हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात विसंगती शोधणाराच खुळा ठरतो. शिवाय बारा तास शाळा ही कल्पना मला स्वतःला सोसवत नाही. दुपारी मी कोणाबरोबर झोपणार?

त्या फॉर्मात एक चौकट होती, ‘पाल्याकडून आपल्या अपेक्षा.’ रात्री अकरापर्यंत नवरा-बायको त्यावर बसले होते. ‘ग्लोबल सिटिझन’ लिहावं की ‘गुड ह्यूमन बीइंग’? मी पाणी प्यायला उठलो तेव्हा मलाही विचारलं. मी म्हटलं, लिहा, सकाळी उठवल्यावर उठावं. बायको आतून ओरडली, “आणि डबा संपवावा.” त्यांनी शेवटी ग्लोबल सिटिझन लिहिलं.

निकाल लागला तो मात्र भलत्याच कोर्टात. आमच्या कॉलनीत मारुती व्हॅन चालवणारे एक काका आहेत. गेली कित्येक वर्षं या भागातली पोरं ते पोचवतात. कुठली शाळा किती वाजता सुटते, कुठे वॉचमन पोरांना उन्हात उभं करतो, कुठल्या बाई गेटपर्यंत येऊन पोर हातात देतात, कुठल्या शाळेतून येताना पोरं गात येतात आणि कुठून गपगार बसून येतात, हे त्यांना पाठ. मुलगा शीट घेऊन त्यांच्याकडे गेला, मी मागे. काकांनी चष्मा वर करून यादी वाचली आणि नखाने चार नावांवर रेघ मारली.

“इकडं गाडी नाय जात. द्वारका चौक ओलांडायचा म्हणजे पोरगं पाऊण तास गाडीत. त्यात आता कुंभमेळ्याची कामं, कुठला रस्ता कधी खोदतील सांगता येत नाही.” केंब्रिज त्या रेघेत गेलं. घोडेही गेले. उरलेल्या तिनांतल्या एका नावावर ते थांबले. “ही बरी. बाया मायाळू आहेत. माझा नातू तिथंच होता.”

ती नळवाली शाळा होती.

मुलाने घरी येऊन शीटमध्ये बेरीज करून बघितली. त्याच्या गुणांकनात ती शाळा पाचवी येत होती. मग त्याने अंतराच्या रकान्याचं वजन वाढवलं, ती दुसरी आली. सुरक्षिततेचं वाढवलं, पहिली आली. समाधानाने लॅपटॉप मिटून म्हणाला, “बघा बाबा, डेटावरूनसुद्धा हीच येते.”

समोरच्या बिल्डिंगमधलं जानेवारीचं पोर पुढच्या वर्षी नर्सरीला जाईल. त्याच्या बापाने परवा येऊन ती शीट मागितली. मुलाने पाठवण्याआधी जरा साफसूफ केली, घोड्यांचा रकाना काढला आणि सगळ्यात डावीकडे एक नवा घातला, व्हॅनकाकांच्या मोबाइल नंबरचा. पिवळी ओळ ठेवली आहे.