सलग, विनाकट, सहाही बाजूंनी

ऑनलाइन मागवलेली बरणी फुटून आली, अशी तक्रार केली की हल्ली बरणीबद्दल कोणी विचारत नाही, चित्रपट मागतात. अनबॉक्सिंग व्हिडिओ जोडा! तोही सलग आणि विनाकट. आधी खोक्याच्या सहाही बाजू, मग वाचता येईल इतक्या जवळून लेबल, मग चिकटपट्टी कापताना, मग वस्तू बाहेर येताना आणि शेवटी फुटका भाग. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कात्री आणि खोका धरायला तिसरा हात. तिसऱ्या हाताचा उल्लेख अटींमध्ये नसतो, तो गिऱ्हाइकाकडे असतोच असे धरून चालतात. म्हणून बोरिवलीत नवरा-बायकोपैकी जो आधी घरी पोचतो तो पार्सलला हात लावत नाही, कॅमेरामन लोकलमधून उतरायची वाट बघतो. अंधेरीच्या वन-रूम-किचनमध्ये ट्यूबलाइट नेमकी चिकटपट्टीवर चमकते आणि चित्रीकरण ‘अस्पष्ट’ ठरते. तरी खरी कसोटी सहाव्या बाजूची. पाच बाजू कोणीही दाखवेल, तळ दाखवायचा तर खोका उलटाच करावा लागतो. त्याच खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा ठसठशीत बाण छापलेला असतो. म्हणजे पुरावा पूर्ण करायचा तर काचेची बरणी कॅमेऱ्यासमोर उलटी धरायची आणि ती नेमकी कशी फुटली याचा पुरावा आपणच पाठवायचा. तळ नाही दाखवला तर व्हिडिओ अपूर्ण, दाखवला तर गुन्हा कबूल. ही अट ज्या कोणी लिहिली, त्याने आयुष्यात एकही खोका उघडलेला नसावा.

आता समोरची बाजू स्वतः काय पुरावा ठेवते ते पाहा. खोका दारात टेकला की डिलिव्हरीवाला मोबाइलवर एक फोटो काढतो. फोटोत खोका, पायपुसणे आणि कोणाची तरी चप्पल. तेवढ्यावर माल ‘सुस्थितीत पोचला’ अशी नोंद होते. त्यांना एक स्थिरचित्र पुरते, आपल्याला मात्र अखंड बोलपट काढावा लागतो. ओटीपी खोका उघडण्याआधी द्यायचा तो वेगळाच. आत काय निघाले हे कळायच्या आत आपला अंगठा उठलेला. यात त्या पोराचा दोष नाही. ओझे त्याच्या पाठीवर असते, अटी दुसऱ्याच कोणाच्या. पण भिवंडीच्या गोदामातून पार्सल कधी निघाले, मुलुंडच्या केंद्रावर कधी पोचले, मोटारसायकल या क्षणी साकीनाक्याच्या कुठल्या सिग्नलला उभी आहे, हे सारे ॲप आपल्याला सांगते. फक्त खोका कुठे आपटला एवढेच त्याला ठाऊक नसते. ज्यांच्याकडे प्रत्येक टप्प्यावर स्कॅनर आणि गोदामभर कॅमेरे आहेत, ते शेवटच्या दोन मिनिटांचा हिशेब मागतात; आणि मागतात कोणाकडे, तर ज्याच्या हाती खोका सगळ्यात शेवटी आला त्याच्याकडे.

यावर ठरलेले उत्तर येते: गिऱ्हाईकही फसवतात. फसवतात की. चांगली वस्तू काढून घेऊन खोक्यात दगड भरून परत पाठवणारेही आहेत. पण ज्याला फसवायचेच आहे तो खोका पुन्हा चिकटवून सहाही बाजूंचा सुरेख व्हिडिओ काढेल, त्याच्याकडे वेळ असतो. अडकते ती घाटकोपरची आजी. नातवासाठी मागवलेला कंदील तिने कौतुकाने, कॅमेऱ्याशिवाय उघडला. दुसरे म्हणणे लहान विक्रेत्यांचे: घरबसल्या चकल्या विकणाऱ्या बाईने भुर्दंड का सोसायचा? सोसू नयेच. पण तिलाही पॅकिंगचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगतात! पाठवणारी चित्रीकरण करते, घेणारा चित्रीकरण करतो आणि मधल्या प्रवासाचे रीळ कोरे. चकल्यांचा चुरा नेमका त्या कोऱ्या रिळात होतो.

आणि पुरावा कोणी द्यायचा याचे उत्तर काही नवे नाही, संताप येतो तो त्याचाच. बैलगाड्यांच्या काळात, 1865 साली झालेल्या वाहतूकदारांच्या कायद्याने सांगून ठेवले होते की माल फुटला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी मालकावर नाही. 1930 चा माल विक्री कायदा म्हणतो की आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे धरता येत नाही. मग दारात दिलेल्या त्या ओटीपीला स्वीकार कसे म्हणायचे? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. यांपैकी कशातही गिऱ्हाइकाने दिग्दर्शक व्हावे असे लिहिलेले नाही. म्हणे, मग जा की ग्राहक आयोगाकडे! जाता येते. राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, 1915 हा हेल्पलाइनचा नंबरही आहे. पण साडेतीनशे रुपयांच्या बरणीसाठी तारखा कोण घेत बसणार, हे अट लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्या व्हिडिओतून सत्य कळावे अशी त्याची अपेक्षाच नाही. दहातल्या नऊ जणांनी कंटाळून गप्प बसावे, एवढीच आहे.

दहावा चिवट निघतो. तळासकट सगळे दाखवतो, चॅटवरच्या यंत्राकडून ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो आणि परतावा मंजूर करून घेतो. मग पिकअपला पोरगा येतो, बरणी बघतो, मोबाइलवर काहीतरी दाबतो आणि अवघडून म्हणतो, “काका, हा पीस डॅमेज आहे. रिटर्नला माल ओरिजिनल कंडिशनमध्ये लागतो, ॲप घेत नाही.”