आवडीचा डेकोरेटर

बायकोची बदली आवडीला झाल्याचं मी सासूबाईंना फोनवर कळवलं. "आवडीला? मग उत्तमच की जावईबापू, नावडीला नाही झाली!" चेन्नईजवळच्या गावाचंच ते नाव आहे, काँग्रेसने १९५५ साली समाजवादी धाटणीच्या समाजरचनेचा ठराव केला तो तिथेच, असं बरंच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पाणी कसं आहे?"

तर बायको रणगाड्यांच्या कारखान्यात आणि मी घरी बसून ब्राउझरच्या सेवेत. कॉलनीत सात मराठी घरं आणि त्यांचा एक गणपती. पहिल्याच बैठकीत, "तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?" एवढं ऐकू आलं आणि मंडळाचं वेबपान माझ्या गळ्यात पडलं. कोणी किती मोदक खाल्ले याची जाहीर गणती हॉलमधल्या टीव्हीवर दिसायला हवी होती.

मी ठरवलं, फ्रेमवर्क नको. साधं जावास्क्रिप्ट आणि स्वतःचा टॅग. एचटीएमएलची अट अशी की घरच्या टॅगच्या नावात जोडरेघ हवीच. माहेरचं आणि सासरचं आडनाव लावणाऱ्या मुलींसारखी. पहिलं अक्षर रोमन लिपीतलं, तेही लहान. पुढे मात्र खुशाल देवनागरी चालते! हा शोध रात्री दीड वाजता लागला. बायकोला उठवून सांगितलं, "रोमन एम, जोडरेघ, मोदक. चालतं!" ती म्हणाली, "झोप."

खरा कंटाळा पुढे आहे. प्रत्येक टॅगसाठी क्लास लिहा, कोणत्या ॲट्रिब्यूटवर लक्ष ठेवायचं ते सांगा, नाव नोंदवा. क्लास सोडला तर बाकीचं डेकोरेटर करतो. डेकोरेटर म्हटल्यावर आपल्याला मंडपवाला आठवतो, पण लग्नपत्रिका जास्त जवळची. क्लासच्या डोक्यावर '@' लावून एक शब्द लिहायचा, की कु.ची चि. सौ. कां. होते. मुलगी तीच, पण मान बदलतो. एकाहून जास्त असले तर नावाला चिकटलेला आधी लागतो आणि सगळ्यात वरचा शेवटी. टॅगचं नाव नोंदवणं मात्र थेट कै.सारखं: एकदा लागलं की काढता येत नाही, दुसऱ्यांदा लावू गेलं तर एरर. पान रिफ्रेश करून नवा जन्म घ्यावा लागतो, आणि ती सोय फक्त ब्राउझरला आहे.

बायकोला समजावू लागलो, तर अर्ध्यातच तिने तोडलं. "म्हणजे आमच्या विटा." टी-७२ रणगाड्याच्या अंगावर बाहेरून स्फोटकांच्या विटा बसवतात, येणारा मारा त्या झेलतात, आतलं पोलाद तेच. "पण वजन वाढतं," ती म्हणाली, "अर्जुनची पुढची आवृत्ती ६८ टनांवर गेली." हा इशारा होता, हे मला चतुर्थीला कळलं.

जावास्क्रिप्टच्या समितीत डेकोरेटरचा प्रस्ताव २०२२ मध्येच तिसऱ्या पायरीवर पोचला, पण माझ्या ब्राउझरने '@' पाहताच नाक मुरडलं. '@'चं साध्या जावास्क्रिप्टमध्ये भाषांतर करणारा दुभाष्या ठेवायचा नव्हता. शेवटी डेकोरेटर म्हणजे एक फंक्शनच. मग 'सजव' नावाचं फंक्शन लिहिलं (हो, हेही देवनागरीत चालतं), क्लास आत दिला, सजवून परत घेतला. आणि हौसेने पाच विटा चढवल्या.

त्यातली एक वीट, कोणाच्या नावाचा टॅग पानावर आला की त्यातल्या मोदक मोजायच्या बटणाला कान लावायची. जो जास्त खाईल त्याचं नाव वर सरकेल, अशीही योजना होती. पण टॅग हलवला की ब्राउझरच्या लेखी तो पानावर नव्याने येतो. वीट पुन्हा नवा कान लावते. म्हणजे जो वर चढेल त्याचं एक बटण दाबलं की दोन मोदक, मग तीन, मग चार.

समोरच्या काकांना मधुमेह. त्यांनी चार खाल्ले. टीव्हीवर दहा दिसत होते.

काकूंनी ताट उचललं. मी चूक कबूल केली, पण त्या म्हणाल्या, "यांची बाजू घेऊ नकोस. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

रात्री बसून ती वीट उतरवली आणि बटणाला एकदाच कान लावला. दुसऱ्या दिवशी काकांनी नऊ खाल्ले, टीव्हीवर बरोब्बर नऊ उमटले. ते माझ्या कानाशी आले. "सांग ना हिला, अजून बिघडलेलंच आहे म्हणून."