अंड्याची वर्गणी

पोरगं धडधाकट कसं करायचं, हे कोल्हापूरला शिकवायला कुणी येऊ नये. पहाटे तालीम, नंतर खुराक. गंगावेशीत म्हशीची धार थेट पेल्यात घेणारं हे गाव. इथं अंडं खुराकात धरत नाहीत, ते तोंडी लावणं.

सरकारनं ते पोषणात धरलं. नोव्हेंबर 2023 पासून शालेय पोषण आहारात पोरांना आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. अंड्याला 5 रुपये.

एवढं सुख किती दिवस बघवणार?

जानेवारी 2025 मध्ये शासन निर्णय निघाला. अंडा पुलाव ऐच्छिक, गोडधोडही ऐच्छिक. अंड्याला आणि साखरेला वेगळा पैसा मिळणार नाही. पोरांना द्यायचंच असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीनं लोकसहभागातून द्यावं.

शासन निर्णयात त्याला लोकसहभाग म्हणतात. पेठेत वर्गणी म्हणतात.

यात वाचणार किती? वर्षाला सुमारे 50 कोटी. आता दुसरा आकडा ऐका. पवनारहून पत्रादेवीला जाणारा शक्तिपीठ महामार्ग 2025 च्या आखणीत 802 किलोमीटरचा, खर्चाचा अंदाज 86 हजार कोटींच्या वर. किलोमीटरला शंभर कोटींहून जास्त. म्हणजे राज्यातल्या पोरांची वर्षभराची अंडी आणि साखर अर्ध्या किलोमीटरच्या आतच संपली.

गंमत अशी की हा रस्ता नको म्हणून आपल्या जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. तरी जून 2025 मध्ये भूसंपादन वगैरेसाठी 20 हजार कोटींना मंजुरी मिळाली. अंडं नको म्हणून कोल्हापुरातलं कुठलं पोरगं मोर्चा घेऊन गेलं होतं?

पोरांना मत नसतं. मोर्चाही काढता येत नाही, हजेरी बुडते.

गणवेशाचं आठवतंय का? 2024 ला 'एक राज्य, एक गणवेश' आला. म्हणजे यायचा होता. शाळा जूनला भरली, कपडे वाटेत, आणि पोरं काही शासन निर्णयाची वाट बघत वाढायची थांबत नाहीत. डिसेंबरात काम परत शाळा समितीकडं. समितीला काम द्यायला सरकार कधी कंजुषी करत नाही.

दिल्लीचीही तऱ्हा बघा. पेन्सिलीच्या शार्पनरवर जीएसटी 12 टक्के. जुलै 2022 मध्ये 18. फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा 12. सप्टेंबर 2025 पासून शून्य. एवढ्या फेऱ्या शार्पनरमध्ये पेन्सिलही खात नाही. त्याच सप्टेंबरात वहीवरचा कर गेला, जाहिराती झळकल्या. आणि पाठ्यपुस्तकाचा कागद? तो 12 वरून 18 वर. पुस्तकावर कर शून्य, कागदावर अठरा.

कोरं पान महाग, छापलेलं करमुक्त. गणिताच्या मास्तरांनी हे फळ्यावर सोडवून दाखवावं.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड. तो रुपया आजचा नव्हे, झोंबणारा होता. आता दंड नाही. पोराला शाळेत पाठवलं की वर्गणी आहे.

तिजोरीत खडखडाट, असं कुणी म्हणेल. खोटं नाही. लाडक्या बहिणीला महिन्याला 1500 द्यायचे, 2025-26 ला त्यासाठी 36 हजार कोटी ठेवायचे, तर कुठून तरी काढावे लागणारच. जून 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. एकूण दारूवरच्या वाढीतून वर्षाला 14 हजार कोटी जास्तीचे अपेक्षित. म्हणजे भावोजींनी बसायचं, सरकारनं गोळा करायचं, बहिणीच्या खात्यावर टाकायचं. घरातलाच पैसा, फक्त मंत्रालयाला वळसा घालून येतो.

आणि गल्लीतली शाळा समिती अंड्याची पावती फाडायला निघाली, की पहिली कडी कुणाची वाजवणार?

बहिणीचीच. तिच्याकडं महिन्याला पंधराशे येतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.