खुर्ची एक, दावेदार चार

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. क्लीव्हलँड ब्राउन्सने हा मेंदू बहुतेक वेळा भाड्यानेच घेतला. १९९९ मध्ये संघ नव्याने मैदानात उतरला, तेव्हापासून ४० हून अधिक जणांनी या जागेवरून सामन्याची सुरुवात केली आहे. एका चाहत्याने जर्सीच्या पाठीवर त्यांची नावे एकाखाली एक चिकटवायला घेतली. पाठ अपुरी पडली.

२०२२ मध्ये मालकांनी प्रश्न कायमचा मिटवायचे ठरवले. डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर, तेही पूर्ण हमीचे! शिवाय त्याच्या आधीच्या संघाला, ह्यूस्टनला, ड्राफ्टच्या म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीतल्या तीन निवडी दिल्या, त्या वेगळ्याच. वॉटसन बराच काळ जखमी किंवा निलंबित राहिला. पगार मात्र अगदी तंदुरुस्त.

२०२३ मध्ये ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला घरून बोलावले. त्याने पाचपैकी चार सामने जिंकून संघाला प्लेऑफमध्ये नेले. एवढा गुन्हा पुरेसा होता. त्याला जाऊ दिले.

२०२५ मध्ये चार दावेदार जमवले: पुन्हा फ्लॅको, केनी पिकेट, डिलन गेब्रिएल आणि शेडूर सँडर्स. सँडर्स ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीपर्यंत घसरत असताना खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच्या बाजूने समाजमाध्यमावर लिहिले. देशापुढे दुसरे प्रश्न उरले नसावेत. पिकेट हंगामाआधीच दुसऱ्या संघाकडे गेला. चार सामन्यांनंतर फ्लॅकोला बाकावर बसवले आणि ऑक्टोबरात त्याच राज्यातल्या, त्याच गटातल्या सिनसिनाटीकडे धाडले.

त्याच महिन्यात त्याने सिनसिनाटीसाठी पिट्सबर्गला हरवले.